भिंतीआडचं कुत्रं

मी चालणारा माणूस नाही. वेल्डर आहे. आठवडाभर उभ्यानं काम करतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी मला फक्त आडवं पडावंसं वाटतं. डोंगरातून निघून समुद्रावरच्या दीपगृहापर्यंत जाणारी ती नावाजलेली लांब वाट तू वर्षाला एक तुकडा अशी चालणार आहेस, आणि तीही सासूबरोबर, असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर त्याला ताप आहे का हे मी कपाळाला हात लावून बघितलं असतं.

खूळ तिचं. सासू इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होती. चादरी, डाग, वाफ, आणि हाताखाली तोंडाळ बायकांची फौज. निवृत्त झाल्यावर तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या वाटेचा नकाशा लावला आणि जाहीर केलं, "जन्मभर एका खोलीत फेऱ्या मारल्या. आता सरळ चालणार." तोंडावर मी तिला आई म्हणतो, पाठीमागे म्हातारी. दोन्ही तिला ठाऊक आहेत.

पहिल्या वर्षी जायच्या होत्या मायलेकी. मी फक्त गाडीनं सोडायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला. टाचांना फोड, डोळ्यांत पाणी, आवाजात संताप. मी न्यायला गेलो तर तिनं स्वतःची पिशवी काढून माझ्या पाठीवर चढवली.

"आईला एकटीला सोडता येणार नाही. आणि मला ह्यापुढे एक पाऊल सांगू नका."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायांत माझे कामावरचे बूट होते, पुढे लोखंडी टोक असलेले. "बूट बरे आहेत तुमचे, जावईबुवा," ती म्हणाली. "चला."

ते बूट घालून मी सगळी वाट चाललो; चुकलेला पहिला दिवससुद्धा म्हातारीनं नंतर एका रविवारी माझ्याकडून चालवून घेतला. लोक हसायचे. हसू द्या. ह्या वाटेवर एक जात आहे जी टूथब्रशची दांडी अर्धी कापते, म्हणजे तेवढंच वजन कमी, आणि संध्याकाळी मुक्कामाला त्याच पिशवीतून काचेची बाटली काढते. त्यांचा एकेक बूट माझ्या पगाराएवढा. पहिल्या चढाला त्यांची जीभ बाहेर. माझीही बाहेर यायची, पण मी निदान चढाचं कौतुक करत नव्हतो. मी शिव्या घालायचो, मोठ्यानं, आणि त्यावरून मला नाव पडलं.

ह्या वाटेवर खरं नाव कुणी विचारत नाही. बाकीचे तुम्हाला बघतात, ऐकतात आणि एक नाव देऊन मोकळे होतात. मला दिलं 'भोंगा'. म्हातारीला दिलं 'मुकादम', आणि देणाऱ्याला ती खरोखर मुकादम होती हे माहीतही नव्हतं. ती फक्त त्याच्या ओल्या मोज्यांकडे बघून म्हणाली होती, "असे पिळतात का? आणा इकडे."

चालण्याचा कायदाही तिचाच. दरवर्षी माझी सुट्टी संपेपर्यंत चालायचं. जिथे थांबू तिथल्या एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला तळहात लावायचा. पुलाचा कठडा, शाळेचं फाटक, मैलाचा दगड, काहीही. पुढच्या वर्षी त्याच वस्तूला हात लावून निघायचं. म्हणजे वाट अखंड. एकदा आम्ही अंधार पडता पडता पोचलो आणि कठड्याऐवजी मी त्याच्या शेजारच्या खांबाला हात लावला, तर तिनं मला मागे बोलावलं. "फट पडली," म्हणाली. माझ्या दोन ढांगांएवढी फट! पण तिच्या लेखी ती फट.

कारण शेवटी घंटा होती. दीपगृहाच्या पायथ्याशी एक जुनी घंटा टांगली आहे. सगळी वाट पायी चाललेल्यानं तिची दोरी ओढायची, एवढाच मान. दाखला नाही, तपासणी नाही, कुणी विचारत नाही. तुमचं तुम्ही ठरवायचं. म्हातारीला ती घंटा हवी होती, आणि ती खरी हवी होती.

आणि खरी हवी म्हणजे बस नको. वाटेच्या नकाशावर काही ठिकाणी ठिपके-ठिपके दाखवलेत. तिथे बारीक अक्षरात छापलंय, 'हा टप्पा प्रेक्षणीय नसल्याने बसने जावे.' प्रेक्षणीय नाही म्हणजे काय, तर तिथे कारखाने आहेत, गोदामं आहेत, कामगारांच्या वसाहती आहेत. म्हणजे तिथे माझ्यासारखे लोक राहतात. झाडं बघायला पायी जा, माणसं दिसली की बसमध्ये चढा आणि पडदा ओढा. ज्या हातानं हे लिहिलं त्या हाताला माझ्याकडचा एक तापलेला पाईप द्यायची माझी फार इच्छा आहे. म्हातारी एवढी भडकायची नाही. ती फक्त तिथे बसमध्ये चढणाऱ्यांना 'बसवाले' म्हणायची. पण ती ते ज्या सुरात म्हणायची, त्या सुरात धुलाईखान्यातल्या बायका थरथरत असणार.

ह्या वर्षी शेवटचा तुकडा होता. शेवटचा दोन्ही अर्थांनी, कारण तिचा गुडघा संपला होता. डॉक्टरनं शस्त्रक्रियेची तारीख दिली होती आणि साफ सांगितलं होतं, त्यानंतर घरातल्या घरात आणि फार तर बागेत. वाट-बीट विसरा. म्हणून आम्ही सावकाश चाललो, उतारावर ती माझा खांदा धरायची, आणि दीपगृहाच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामाला एकदाचे पोचलो. उद्या दुपारपर्यंत घंटा. माझी बायको आणि तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, तिथे फुलं घेऊन येणार होते.

मुक्कामाची खोली नेहमीसारखीच. एकावर एक पलंग, मधे लांब टेबल, चुलीवर कुणाचं तरी सूप, आणि दोरीवर वाळणारे मोजे, ज्यांचा वास तुम्हाला सांगत नाही. म्हातारी टेबलाच्या टोकाला गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती आणि खुशीत होती. तिच्या समोर 'डबा' बसला होता. डबा म्हणजे निवृत्त शाळाबसचालक, पिशवीला पत्र्याचा मग आणि डबा बांधून फिरणारा, चालला की अर्धा डोंगर वाजायचा. ही वाट तो दुसऱ्यांदा चालत होता.

"एकदाही बस नाही?" डब्यानं विचारलं.

"एकदाही नाही," म्हातारी म्हणाली. "ठिपके असोत नाहीतर रांगोळी. पायीच."

"शाब्बास मुकादमबाई! मग त्या साबणाच्या कारखान्याच्या कुत्र्यानं तुम्हाला पण छळलं असेल."

पलीकडून एक बाई हसली. "अगंबाई, ते कुत्रं! अजून आहे?"

"आहे म्हणजे काय! ती लांबच लांब भिंत, आणि आतून ते तुमच्याबरोबर भुंकत येतंय. दिसत नाही, नुसता आवाज. आपण थांबलो की थांबतं, निघालो की निघतं. मला वाटलं, वाघच पाळलाय. आणि फाटकाशी येऊन बघतो, तर..." त्यानं दोन्ही तळहात एवढे जवळ आणले की त्यांत पाव मावला नसता. ती बाई टेबलावर हात आपटून हसायला लागली. आणखी एक-दोघं हसली. ज्यांनी तो टप्पा पायी केला होता, त्यांचंच ते हसणं होतं.

म्हातारी हसली नाही. "कुठली भिंत?" तिनं विचारलं.

"अहो, साबणाचा कारखाना नाही का! टाकीपासून टाकीपर्यंत."

"टाकी एकच आहे," म्हातारी म्हणाली. "पांढरी. शिडीवाली. एका वर्षी आम्ही तिथेच थांबलो होतो, दुसऱ्या वर्षी तिथूनच निघालो."

डब्यानं आपला मग उचलून टेबलावर एका बाजूला ठेवला, डबा दुसऱ्या बाजूला, आणि मधे पाव आडवा ठेवला. "हा कारखाना. ही अलीकडची टाकी, ही पलीकडची. दोन्ही पांढऱ्या. दोन्हींना शिडी. बस ह्या टाकीशी सुटते आणि त्या टाकीशी..."

एवढं बोलून त्याला कळलं आपण काय बोलतोय ते.

मला मात्र सगळं आठवलं. आम्ही थांबलो त्या वर्षी शिडीची खालची पायरी एका बाजूनं निखळलेली होती. इतकं गचाळ वेल्डिंग मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि तसं म्हणालोही होतो. पुढच्या वर्षी बघतो तर पायरी धडधाकट. मी म्हातारीला म्हणालो होतो, बघा, नगरपालिकेनं दुरुस्त केली! आयुष्यात एकदाच नगरपालिकेचं कौतुक केलं, तेही फुकट गेलं. ती दुसरीच टाकी होती. त्या वर्षी गावातून आणणाऱ्या बसच्या चालकानं आम्हाला 'टाकीशी' उतरवलं होतं, म्हातारीनं शिडीला तळहात लावला होता, आणि आम्ही छाती काढून निघालो होतो. मधला सगळा पाव राहिला होता.

"म्हणजे मी पण बसवाली," म्हातारी म्हणाली.

"छे हो," डबा म्हणाला. "तो काय टप्पा आहे? घाण, धूळ, ट्रक. त्यात बघण्यासारखं काय आहे? छापलंच आहे नकाशावर..."

"डबा," मी म्हणालो, "तू झोप."

ती सूप न पिताच पलंगावर चढली. म्हणजे चढायला मी मदत केली. गुडघा दुखत होता, पण तोंड त्याच्यामुळे पडलं नव्हतं.

सकाळी निघालो. समुद्र दिसायला लागला, हवा छान, वाट सपाट, आणि म्हातारी खाली मान घालून चाललेली. मी एकदा म्हणालो, "आई, मुद्दाम कुठे केलं आपण?" ती चालता चालताच म्हणाली, "डागाला विचारतो का आपण, मुद्दाम पडलास का म्हणून?" ह्या बाईशी डागांवर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दीपगृह आलं. खाली माझी बायको हात हलवत होती. मेहुणा फोन उंच धरून चित्रण करत होता. तो एका मोठ्या कार्यालयात आहे, सगळं वेळेवर करतो आणि सगळ्याचं चित्रण करतो. दीपगृहाचा राखणदार आमच्याकडे बघून हसला, घंटेची दोरी सोडवली आणि तिच्यापुढे धरली. आमच्या मागून डबा वाजत वाजत आला आणि टाळ्या वाजवायला उभा राहिला.

म्हातारीनं दोरीकडे पाहिलं. हात वर केला, आणि तो पदराला पुसून खाली घेतला.

"नको," ती म्हणाली. "माझं थोडं राहिलंय."

राखणदारानं दोरी परत बांधली. काही विचारलं नाही. तो असली माणसं बघून पिकलेला होता.

"काय राहिलंय?" मेहुण्यानं फोन खाली घेतला. "आई, दीपगृह हेच ना? नकाशा संपला की इथे!"

मी सांगितलं काय ते. दोन टाक्या, साबणाचा कारखाना, सगळं. मेहुण्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"त्या एवढ्याशा तुकड्यासाठी? आई, कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"परवा तुला इस्पितळात भरती व्हायचंय!"

"परवा ना? मग उद्याचा दिवस मोकळा आहे."

"आई, तो गुडघा..."

"उद्यापर्यंत माझा आहे. परवा डॉक्टरला देणार आहे, त्याला हवा तसा कापू दे."

डबा पुढे आला. हातात टोपी घेऊन उभा राहिला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. "चूक माझी आहे, साहेब. मी उगीच तोंड उघडलं."

"उगीच कसं?" म्हातारी त्याच्यावरच उखडली. "तुम्ही बोलला नसता तर मी आत्ता खोटी घंटा वाजवली असती, आणि हे लोक टाळ्या वाजवत बसले असते."

मेहुण्यानं मग शेवटचं हत्यार काढलं. "दाजी, तुम्ही तरी समजवा हिला."

"ह्यांना सांगतोस?" माझी बायको म्हणाली. "ह्यांना वाटेवर भोंगा म्हणतात, माहिती आहे ना?"

खरं तर मला समजवायचंच होतं. माझे खांदे मोडले होते, मला आंघोळ हवी होती, आणि ती दोरी माझ्याही वाट्याची होती. माझ्याही वाटेत तीच फट. मी ओढली असती तर कुणी मला काही बोललं नसतं, म्हातारीसुद्धा. पण मेहुण्याच्या हातात वाटेचा नकाशा होता, घडी करून वर आलेला भाग नेमका तोच, आणि त्यावरची ती बारीक अक्षरं मला दिसली. प्रेक्षणीय नसल्याने.

"दादा," मी म्हणालो, "तुझ्या बहिणीचा नवरा कुठे काम करतो?"

"म्हणजे? कारखान्यात."

"कारखान्याला भिंत आहे?"

"असेल. आहे."

"मग त्या भिंतीच्या कडेनं कुणी चालायचं नाही, असं का? इथे समुद्राला हात जोडायला सगळे येतात. माझ्या भिंतीशी आले की ह्यांना बस लागते! ह्या लोकांना साबण चालतो, साबणाचा कारखाना चालत नाही. आंघोळ केल्याशिवाय तर एकालाही राहवत नाही! तुझी आई चालणार म्हणतेय, तर चालेल. आणि गाडी तू चालवणार आहेस."

असं मी म्हणालो. ह्यापेक्षा जरा जास्तच मोठ्यानं म्हणालो असेन, कारण समुद्रावरचे पक्षी उडाले. मेहुण्यानं पाठ फिरवली. फुलं मागच्या सीटवर टाकली आणि गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अलीकडच्या टाकीशी उतरलो. खालची पायरी अजून तशीच लोंबत होती. इतकी वर्षं! मला इतका आनंद झाला की मी बायकोला ओढत नेऊन ती दाखवली.

"ह्यासाठी आलो का आपण?" ती म्हणाली. पण पायांत तिनं कापडी बूट घातले होते आणि नाड्या घट्ट बांधल्या होत्या. "एवढं मी पण चालते. निदान शेवट तरी मला दिसू दे."

मेहुणा गाडीतच बसला. "मी इथे थांबतो. धूळ आहे फार," म्हणाला, आणि काच वर केली.

म्हातारीनं शिडीला तळहात टेकला. काठी सरसावली. निघालो.

आता हा टप्पा सुंदर होता, असं मी सांगणार नाही. नव्हता. रस्ता फुटलेला, कडेला गटार, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे आणि प्रत्येक ट्रकमागे धुळीचा लोट. एका बाजूला ती भिंत, राखाडी, वर फुटक्या काचा लावलेल्या, नजर पोचेल तिथवर. आणि वास. साबणाच्या कारखान्याचा वास साबणासारखा नसतो. समोरच्या बाजूला असेल गुलाबाचा, मागच्या बाजूला चरबी उकळत असते. बायकोनं नाकाला रुमाल लावला.

म्हातारी मात्र थांबली. नाक वर केलं. "थांबा," म्हणाली. "हा वास माझ्या ओळखीचा आहे."

तेवढ्यात पोत्यांनी भरलेला एक ट्रक वळला. पोत्यांवर निळं बदक छापलेलं होतं. ती काठीनं त्या बदकाकडे दाखवत एखाद्या पोरीसारखी ओरडली, "अगं, हे आमचं बदक! आमच्याकडे हीच पावडर यायची. जन्मभर ह्याच पोत्यांत हात घातलेत मी. हातांची सालं काढली ह्यानं माझ्या." आणि तिनं बायकोला आपले तळवे दाखवले, जणू त्यांवर अजून तो शिक्का होता. "इथे बनत होतं होय हे. आणि मी इथूनच वळसा मारून गेले."

"चुकून गेलीस," बायको म्हणाली.

"हो ना. म्हणून तर परत आले."

पाळी सुटली होती. सायकलींवरून, पायी, माणसं समोरून येत होती, डोक्याला रुमाल बांधलेली, बाह्यांवर पांढरी भुकटी. पाठीवर पिशवी लावलेले लोक ते रोज बघत नसावेत. एकानं माझे बूट पाहिले, मग माझं तोंड पाहिलं, आणि विचारलं, "कुठल्या खात्यात?"

"वेल्डर आहे. इथला नाही."

"मग इकडे काय करताय?"

"सासूबरोबर फिरायला आलोय."

तो म्हातारीकडे एकदा बघून अगदी मनापासून म्हणाला, "सुट्टीत?" मी हो म्हणालो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. इतकं सांत्वन मला कधी कुणी केलं नव्हतं.

पण कुत्रं नव्हतं.

भिंत चालून चालून संपत आली होती. म्हातारी आता लंगडत होती, मी तिचा कोपर धरला होता, आणि दर थोड्या वेळानं ती भिंतीकडे कान लावायची. तिनं बोलून दाखवलं नाही, पण तिला ते कुत्रं हवं होतं. हसणाऱ्या लोकांत तिला बसायचं होतं.

"गेलं असेल गं आई," बायको म्हणाली. "कुत्री किती जगतात?"

"गेलं तर गेलं. वाट तर झाली," म्हातारी म्हणाली, आणि काठी भिंतीवर आपटली. सहज आपटली, राग म्हणून.

पलीकडून गुरगुर आली.

आम्ही तिघं जागच्या जागी उभे राहिलो. म्हातारीनं पुन्हा काठी आपटली. आणि मग जो भुंकण्याचा धडाका सुरू झाला! खोल, घोगरा, छातीतून येणारा आवाज. बायको चक्क माझ्या मागे लपली. म्हातारी दोन पावलं पुढे गेली, आवाज पुढे गेला. ती थांबली, तो थांबला. मग ती हळूच मागे आली. पलीकडे जरा गोंधळ झाला, नखं खरवडल्याचा आवाज आला, आणि भुंकणं मागे आलं.

"बघा, बघा!" ती म्हणाली. "फसलं!"

त्यानंतर तिनं त्या कुत्र्याला जे खेळवलं ते बघून डॉक्टरनं तिचा गुडघा कापण्याआधी डोकं तपासलं असतं. पुढे चार पावलं, मागे दोन. थांबायची, एकदम निघायची. "आई, पाय!" मी ओरडत होतो. ती ऐकते कुठली! हसून हसून तिला धाप लागली, मग माझ्या खांद्यावर भार टाकून ती तशीच हसत पुढे चालली, आणि भिंतीआडून तो वाघ डरकाळ्या फोडत आमच्याबरोबर आला, पार फाटकापर्यंत.

फाटक उघडं होतं. आतून एक पिवळट रंगाचं, आखूड पायांचं, कान पडलेलं कुत्रं धावत आलं. आम्हाला पाहिलं. गप्पकन बसलं. मग इकडेतिकडे बघत, जणू भुंकणारा दुसराच कुणी होता, पहारेकऱ्याच्या खुर्चीखाली जाऊन शिरलं.

"काही करत नाही ते," पहारेकरी म्हणाला. "भिंत असेपर्यंतच त्याचा जोर."

"आमचा मॅनेजर अगदी असाच आहे," मी म्हणालो. पहारेकऱ्यानं आत कार्यालयाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आमचा पण."

पलीकडची टाकी फाटकापासून जवळच होती. पांढरी, शिडीवाली, आणि तिची खालची पायरी मुळीच न निखळलेली. म्हातारी एकटी चालत गेली. मी कोपर सोडला, कारण तिनं तो झटकला. शिडीला तळहात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग बायकोलाही म्हणाली, "तू पण लाव. चालली आहेस तू." आणि मला म्हणाली, "लाव रे तू पण." इतक्या वर्षांत पहिल्यांदा जावईबुवा नाही, तुम्ही नाही. मी लावला. लोखंड उन्हानं तापलं होतं.

टाकीखाली बसथांब्याचं बाकडं होतं. ती त्यावर बसली आणि दुखरा पाय पुढे ताणला. तोंडावर धूळ, धुळीत घामाच्या रेघा, आणि चेहरा असा, की जणू एका डागाकडे जन्मभर बघत होती आणि आज तो निघाला.

"दादाला फोन करते, गाडी इकडे आण म्हणून," बायको म्हणाली.

तेवढ्यात बस आली. तीच, ठिपक्यांवरून जाणारी. दार उघडलं. कंडक्टरनं आमच्या पिशव्या बघितल्या आणि वाटेवरच्या लोकांना विचारतात तसं विचारलं, "येणार का त्या दुसऱ्या टाकीपर्यंत?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय.

"येणार," म्हातारी म्हणाली. "का नाही येणार? चालून झालंय माझं."

मी आणि बायकोनं तिला दोन्हीकडून धरून वर चढवलं. ती खिडकीशी बसली. बस निघाली, भिंत सुरू झाली, आणि आतून ते कुत्रं बसवर भुंकत सुटलं. म्हातारीनं खिडकी खाली केली आणि बाहेर डोकं काढून त्याला म्हणाली, "बास कर, बघितलंय तुला!" पुढच्या सीटवरची पांढऱ्या बाह्यांची माणसं मागे वळून हसली. त्या हसण्यात ती होती.

अलीकडची टाकी दिसायला लागली, तिच्याखाली मेहुण्याची गाडी. ही जुनी बस होती. छताखालून एक दोरी गेली होती, थांबायचं असेल तर ती ओढायची, म्हणजे चालकाच्या डोक्यावर घंटी वाजते. बायको उठायला लागली, तर म्हातारीनं तिचा हात धरून खाली बसवलं. स्वतः उठली. एका पायावर उभी राहिली, माझ्या डोक्याचा आधार घेतला, आणि दोरी ओढली.

टिंग. मग पुन्हा ओढली. आणि आणखी एकदा.

बस थांबायला लागली, मग निघायला लागली, मग आचका देऊन थांबली. चालक पुढून काहीतरी ओरडला. कंडक्टर तरातरा मागे आला. "आजी, एकदा ओढली की थांबते, दोनदा ओढली की निघते. तीनदा म्हणजे काय?"

"तीनदा म्हणजे पोचले," म्हातारी म्हणाली, आणि उतरली.

मेहुणा गाडीबाहेर उभा होता. धुळीतच. सकाळपासून तिथे उभा असावा, कारण बूट पांढरे झाले होते. तिला बसमधून उतरताना बघून त्यानं कपाळाला हात लावला, मग तिचा हात धरला आणि तिला गाडीपर्यंत नेलं. मागच्या सीटवरची फुलं बाजूला केली. पाय ठेवायला जागा केली. दार लावण्याआधी तो थांबला. राग अजून तोंडावर होता, तो काही इतक्यात जाणार नव्हता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

तो चालकाच्या सीटवर येऊन बसला. गाडी चालू केली. मग आरशातून मागे बघत, अगदी बेफिकिरीनं, म्हणाला, "आणि ते कुत्रं? होतं का?"

म्हातारीनं फुलं मांडीवर घेतली होती. ती बाजूला ठेवून तिनं दोन्ही तळहात वर केले आणि ते एकमेकांच्या इतके जवळ आणले की मेहुण्याला मान वळवून बघावं लागलं.